बोका ठणठणीत आहे, मग दवाखाना कशाला?

प्रश्न : आमचा गुंड्या चार वर्षांचा आहे. नसबंदी झालेली, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटबाहेर पाऊल टाकत नाही. कोरडं खाणं खातो, बाल्कनीत पाली पकडतो. लहानपणी सगळी इंजेक्शनं दिली, त्यानंतर अडीच वर्षांत डॉक्टरकडे नेलेलं नाही, कारण टोपलीत घालताना तो इमारत डोक्यावर घेतो. सासूबाई म्हणतात, ‘मांजराला कसला आलाय डॉक्टर, ते चाटून बरं होतं.’ म्हातारा झाल्यावर नेलं तर चालणार नाही का?
– एक वाचक, मांजलपूर, बडोदे

उत्तर : ताई, तीन वर्षांपूर्वीची उत्तरायण मी विसरलेले नाही. रावपुऱ्यातल्या एका घरचा बोका, पाच वर्षांचा, अगदी तुमच्या गुंड्यासारखा घरबशा. १४ जानेवारीला सकाळपासून तो वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन पुन्हा पुन्हा बसत होता. घरचे सगळे गच्चीवर पतंगात. बद्धकोष्ठ झालं असेल म्हणून त्याला चमचाभर तूप दिलं. दुसरा दिवस, वासी उत्तरायणही, तशीच गेली आणि १६ तारखेला तो माझ्या टेबलावर आला. पोटाला हात लावला तर मूत्राशय संत्र्यासारखं टणक लागलं. खडे आणि चिकट स्रावाने लघवीचा मार्ग बंद झाला होता. असं झालं की रक्तात पोटॅशियम चढतं आणि हृदय बंद पडतं. आम्ही नळी घालून मार्ग मोकळा केला, पण रात्री तो गेला.

वजन भरलं ७ किलो २०० ग्रॅम. दहा महिन्यांचा असताना मीच त्याची नसबंदी केली होती, तेव्हा ते ४ किलो होतं. मधल्या चार वर्षांत त्याला कुणी काट्यावर ठेवलंच नव्हतं. दरवर्षी आणला असता तर अडथळा आलाच नसता, असं मी म्हणणार नाही. पण वजन चढतंय हे दिसलं असतं, कोरड्या खाण्यावर मांजर पाणी कमी पितं हे बोलणं झालं असतं. आणि ‘बोका जोर करतोय पण लघवी होत नाही, तर त्याच तासाला निघा’ हे त्या घरात कुणाला तरी माहीत असतं.

सासूबाईंचं म्हणणं कुठून आलं ते मला कळतं. मांजर दुखणं लपवतं. दाताचं मूळ आतून झिजत असलं तरी ते जेवतं, फक्त दाणे न चावता गिळतं. तोंड उघडून हिरडी पाहिल्याशिवाय ते कळत नाही, आणि असे दात तीन-चार वर्षांच्या मांजरांतही सापडतात. हृदयाचे स्नायू जाड होण्याचा आजार तरण्या बोक्यांनाही होतो. कधी स्टेथोस्कोपला खरखर ऐकू येते, कधी तीही येत नाही. म्हणून घरी एक करा : गुंड्या गाढ झोपला की मिनिटभर श्वास मोजा. ३० च्या वर वारंवार जात असतील तर मला दाखवा.

म्हातारपणापर्यंत थांबू नका, याचं मला सर्वांत मोठं वाटणारं कारण वेगळंच आहे. समजा दहाव्या वर्षी गुंड्याच्या रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं जो कचरा बाहेर टाकतात तो, १.५ आलं. कागदावर ते नॉर्मल दिसेल. पण तरुणपणी ते ०.९ होतं हे माझ्याकडे लिहिलेलं असेल, तर मी लगेच मूत्रपिंडाकडे वळेन. ते लिहिलेलं नसेल तर मलाही ते कळणार नाही. वजनाचंही तसंच. साडेचार किलोच्या मांजरातून ४५० ग्रॅम गेले म्हणजे दहावा हिस्सा गेला, आणि रोज उचलून घेणाऱ्या हाताला तो कळत नाही.

लसींमुळे एक गैरसमज झालाय. पहिल्या वर्षाच्या बूस्टरनंतर ट्रायकॅटची (मांजरांच्या तीन विषाणूजन्य आजारांवरची एकत्र) लस घरातल्या मांजराला बहुधा तीन वर्षांनी पुरते, म्हणून लोक तीन वर्षं येतच नाहीत. रेबीजची आपल्याकडे दरवर्षी टोचतात, ती तुमची राहिलीच आहे. पालींबद्दल मुद्दाम सांगते : उष्ण प्रदेशात पाल खाल्ल्याने मांजराच्या पित्तनलिकेत चपटा कृमी जातो, आणि जंताच्या नेहमीच्या डोसने तो जाईलच असं नाही. येताना शौचाचा नमुना डबीत आणा.

आता टोपली. ती माळ्यावरून काढा आणि हॉलमध्ये आठ दिवस उघडी ठेवा, आत तुमची जुनी ओढणी आणि रोज चार दाणे. आणायच्या दिवशी वर टॉवेल टाका, स्कूटरवर नको, रिक्षाने या. आधी फोन केलात तर कुत्री नसतील अशी वेळ देईन. तरीही फारच घाबरत असेल तर आदल्या रात्री द्यायची गोळी असते, ती मी वजन बघून ठरवते. मनाने काही देऊ नका. माणसाची पॅरासिटामॉल तर कधीच नाही, एका गोळीने मांजर जातं.

आणि सासूबाईंना सोबत आणा. घरात दिवसभर त्याच असतील, तर तो पाणी किती पितो आणि कपाटावर पूर्वीसारखी एका दमात उडी मारतो का, हे मला त्यांनाच विचारायचं आहे.