पऱ्यापलीकडची शाळा

प्रश्न : गुरुजी, संगमेश्वर तालुक्यात आमच्या वाडीवर जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे. पट नऊ. पट कमी म्हणून पुढच्या जूनपासून शाळा बंद, मुलं खालच्या गावात जाणार, असं कानावर आलंय. मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे, पण मला बोलावतात ते सहीपुरतं. परवा समायोजनाला संमती म्हणून सही मागितली. ‘घरी विचारून सांगते,’ म्हणाले. आम्हाला यात काही बोलता येतं का?
– एक आई

उत्तर : ताई, सही केली नाहीत हे फार बरं केलंत. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत किमान तीन चतुर्थांश पालक लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. तुमची जागा कुणाच्या मेहेरबानीची नाही. शाळा बंद होणं अडवण्याचा अधिकार मात्र कायद्यानं समितीला दिलेला नाही, हेही आधीच सांगतो. तुमच्याकडे आहे ती वाडीची खरी माहिती. ती कागदावर आली पाहिजे.

पहिली गोष्ट अंतराची. आपल्या राज्याच्या नियमांत पाचवीपर्यंतच्या मुलांना एक किलोमीटरच्या आत शाळा हवी. पण ते अंतर मोजतं कोण? मी केंद्रप्रमुख असताना एका वाडीचं अंतर टेबलाशी बसून लिहिलं होतं, पाऊण किलोमीटर. आषाढात चालत गेलो तर साकव वाहून गेलेला आणि पऱ्याला छातीएवढं पाणी. सडकेनं वळसा घेतला तर साडेतीन किलोमीटर. सहा वर्षांचं पोर रोज कसं येणार होतं? आकडा मी दुरुस्त केला, पण तो माझ्या हातून लिहिला गेला याचं अजून वाईट वाटतं.

म्हणून भर पावसात तुम्ही चारपाच आया मुलांना घेऊन ती वाट चाला. किती वेळ लागला, पऱ्याला पाणी किती, वाट कुठल्या दिवशी बंद होती, सगळं तारखेनिशी वहीत उतरवा. समितीच्या बैठकीत वाचून दाखवा. इतिवृत्तात ते तसंच आलंय ना, हे बघून मगच सही करा. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय घ्यायला लावा आणि वाडीतल्या बायकांना घेऊन जा. ठरावाची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या, पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज आलाच नाही म्हणतात.

एक गोष्ट मात्र आपसांत मोकळेपणानं बोला. २०२३मध्ये सरकारनं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा विचार पुढे आणला, तेव्हा पुणे जिल्ह्यातल्या पानशेत आणि नंदुरबारमधल्या तोरणमाळच्या अशाच शाळांचे दाखले दिले. मोठ्या शाळेत सवंगडी मिळतात. चौथीच्या वर्गात एकटीच बसलेली मुलगी मी पाहिली आहे, तिचं एकटेपणही खरं होतं. वाडीतल्या एखाद्या घराला मूल खाली पाठवावंसं वाटत असेल तर त्यांच्यावर रागावू नका. पण गाडी कोणाची, पैसे कोण देणार, ती वाडीत येणार की फाट्यावरच थांबणार, हे लेखी आल्याशिवाय ‘सोय केली जाईल’ एवढ्यावर मान डोलवू नका.

आणि त्या संमतीच्या कागदावर आधीच कोणाकोणाच्या सह्या झाल्यात, ते उद्याच शाळेत जाऊन बघून या.