ठाण्यात नो पार्किंगचे चुकीचे ई-चलान आले आहे. पाचशे रुपयांसाठी न्यायालयात लढण्यात अर्थ आहे का?

आपण एका दमात तीन गोष्टी विचारल्या आहेत: चुकीच्या चलानाविरुद्ध न्यायालयात जावे का, वकील करावाच लागतो का, आणि एकूण खर्च किती येतो. पहिल्याचे उत्तर मी ठामपणे देऊ शकते. पुरावा हातात असेल तर अवश्य जावे, आणि "पाचशे रुपयांसाठी एवढा खटाटोप?" असे म्हणणाऱ्या नातेवाइकांना चहा पाजून वाटेला लावावे. उरलेल्या दोन गोष्टींकडे जमेल तसे वळते.

मी टपाल खात्यातून निवृत्त झाले आहे; कायद्याची पदवी माझ्याकडे नाही. सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले असता माझी स्कूटर मी नौपाड्यातील एका गल्लीत उभी केली होती. तेथे आधीपासूनच दुचाक्यांची रांग होती आणि मनाईचा फलक कोठेही दिसत नव्हता. तासाभराने बाहेर येते तो मोबाइलवर चलानाचा संदेश आलेला. मग मी तो फलक शोधू लागले, आणि तो सापडला एका स्थानिक पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्समागे. वर हात जोडलेले साहेब, खाली शुभेच्छुकांचे चेहरे ओळीने, आणि फ्लेक्सच्या खालच्या कडेखालून निळ्या तबकडीची लाल किनार बोटभर डोकावत होती, तीही खांबाशी जाऊन वाकून पाहिल्यावर. फ्लेक्सची सुतळी त्याच लोखंडी नळीला बांधलेली होती, म्हणजे बांधणाऱ्याने फलक पाहून, त्याचाच आधार घेऊन तो झाकला होता.

तेथल्या तेथे मी फोटो काढले. गल्लीत शिरताना स्कूटरवर बसलेल्या माणसाला जे दिसते ते, स्कूटरसह शेजारच्या दुकानाची पाटी येईल असे दुरून, फ्लेक्सच्या मागच्या बाजूने झाकलेल्या फलकाचे आणि त्या सुतळीच्या गाठीचे. फ्लेक्सला हात लावला नाही. तो बाजूला सारून फोटो काढला असता तर "फलक दिसत होता" हे मीच सिद्ध करून दिले असते.

त्या रात्री आमचे धाकटे दीर घरी आले होते. सगळे ऐकून ते म्हणाले, "वहिनी, भरून टाका. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पूर्वीही ऐकले होते आणि त्या वेळी ते आम्हाला चांगलेच महाग पडले होते. वीसेक वर्षांपूर्वी पेणजवळची आमची भाताची पट्टी रस्त्यासाठी संपादित झाली. मोबदला कमी होता, हे गावातल्या पोराटोरांनाही कळत होते. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात वाढीव मोबदला मागण्याची सोय होती, पण त्यासाठी रक्कम उचलताना "निषेध नोंदवून स्वीकारत आहे" असे लिहून द्यावे लागे. निमूट रक्कम घेणाऱ्याचा तो हक्क संपत असे. मी हे भाऊजींना आदल्या दिवशी सांगितले होते. त्यांनी सगळ्यांच्या वतीने निमूट सही केली, कारण अधिकाऱ्यांसमोर वाईट दिसले असते. शेजारच्या बांधावरच्यांनी निषेध नोंदवला होता आणि त्यांना पुढे वाढीव रक्कम मिळाली. या विषयावर आमच्याकडे गणपतीत अजूनही कोणी तोंड उघडत नाही.

हे विषयांतर वाटेल, पण चलानाचेही तसेच आहे. चलानाची रक्कम भरणे म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली तडजोड शुल्क भरणे. ते भरले की प्रकरण मिटते, आणि मिटलेल्या प्रकरणात "मी निर्दोष होतो" हे सांगायला जागा उरत नाही. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर याच कायद्याच्या कलम १७७ मध्ये पहिल्या वेळी पाचशे आणि त्यानंतर पंधराशे रुपयांपर्यंत दंड आहे, आणि महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून वाढीव दर लागू झाले आहेत. आज निमूट भरलेले पाचशे हा आपला पहिला गुन्हा ठरतो आणि पुढच्या वेळी पंधराशेची मागणी त्याच्याच आधारावर होते. भाऊजींच्या मोटारीला हा अनुभव येऊन गेला आहे. ते मात्र त्याला योगायोग म्हणतात.

वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर तक्रार नोंदवण्याची सोय आहे, ती मी वापरली. फोटो जोडले आणि काय घडले ते सविस्तर लिहिले. तक्रार अमान्य झाल्याचे उत्तर एका ओळीत आले, कारण दिलेले नव्हते. मग मी संबंधित कार्यालयाला पोचपावतीसह पत्र पाठवले की मला गुन्हा मान्य नाही, तडजोड करायची नाही, प्रकरण न्यायालयात पाठवावे. त्याच सुमारास दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकाराखाली दोन गोष्टी मागितल्या: त्या गल्लीतील मनाईची अधिसूचना आणि फलक लावल्याची व त्यानंतर पाहणी केल्याची नोंद. अधिसूचना मिळाली. गल्लीतील मनाई रीतसर होती, हे मी येथे स्पष्ट लिहिते, कारण अनेकजण "अधिसूचनाच नसेल" या आशेवर लढायला निघतात. फलक लावल्याची तारीखही मिळाली. पाहणीची नोंद मात्र "उपलब्ध नाही" असे उत्तर आले आणि मला तेवढेच हवे होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११६ मध्ये वाहतूक चिन्हे उभारण्याचा हेतूच मुळी निर्बंध लोकांच्या लक्षात आणून देणे हा सांगितला आहे. कापडाआड गेलेले चिन्ह कोणाच्या लक्षात काय आणून देणार?

मध्यंतरी लोकअदालतीची नोटीस आली. भाऊजींना कोण आनंद झाला. त्यांनी स्वतःचे जुने चलान तेथेच सवलतीत मिटवले होते. लोकअदालत ही चांगली संस्था आहे, पण ती कोण बरोबर आणि कोण चूक हे ठरवत नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे तेथे दोन्ही पक्षांची तडजोड झाली तरच निवाडा होतो, आणि त्यावर अपील नसते. जो चुकला आहे त्याने सवलत जरूर घ्यावी. जो चुकलेला नाही त्याला निम्म्या दंडात गुन्हेगार होण्याची सवलत कशासाठी हवी? मी तेथे जाऊन तडजोड मान्य नसल्याचे सांगितले आणि परत आले. भाऊजी आठवडाभर बोलले नाहीत.

पुढे समन्स आले. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०८ मध्ये अशा किरकोळ गुन्ह्यांसाठी एक सोय आहे: आरोपीने स्वतः किंवा वकिलामार्फत हजर राहावे, नाहीतर सुनावणीपूर्वी रजिस्टर पत्राने गुन्हा कबूल करून रक्कम मनीऑर्डरने धाडावी. उभे आयुष्य मनीऑर्डरचे फॉर्म तपासण्यात गेलेल्या बाईला ही तरतूद वाचून थोडे भरून आले, परंतु पाठवायची होती ती कबुली, म्हणून पाठवली नाही.

कोर्ट नाक्यावरच्या त्या इमारतीत जाण्याची आपल्याला धास्ती वाटत असेल, तर तेथे खरोखर काय होते ते सांगते. सकाळी बोर्डावर आपला क्रमांक पाहायचा, बाकावर बसायचे आणि पुकाऱ्याकडे कान ठेवायचे. वाट पाहणे हेच मुख्य काम आहे. माझ्या आधीचे बहुतेकजण न्यायाधीशांपुढे उभे राहून "कबूल" म्हणत आणि दंड भरायला खिडकीकडे वळत. एकेकाचे काम पाण्याचा पेला रिकामा होण्याआधी संपत होते. मी "कबूल नाही" म्हटले तेव्हा लिपिकबाईंनी मान वर करून पाहिले. त्यांनी मला एकदा समजावूनही पाहिले, आणि त्यात वाईट हेतू नव्हता. त्यांच्यापुढे फाइलींचा ढीग होता. मग पुराव्यासाठी तारीख पडली, पोलीस साक्षीदार आले नाहीत म्हणून पुन्हा पडली.

आमच्या इमारतीत न्यायालयातून निवृत्त झालेले एक शिरस्तेदार राहतात. त्यांनी दिलेला सल्ला माझ्या लेखी सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाचा ठरला. मोबाइलमधला फोटो हा इलेक्ट्रॉनिक अभिलेख असतो आणि भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र लागते. हा नियम पोलिसांच्या फोटोला लागू आहे तसाच आपल्याही फोटोला. त्याचा नमुना अधिनियमाच्या अनुसूचीत दिलेला आहे. समाजमाध्यमांवर फोटो टाकून त्याची प्रत न्यायालयात नेणारे लोक मी पाहिले; तसे करू नये. मूळ फोटो ज्या फोनमध्ये आहे तो फोन विकू नये, बदलू नये आणि नातवंडांच्या हाती देऊ नये.

अखेरीस हवालदार साक्षीला आले. मध्यमवयीन, दमलेले गृहस्थ होते. सरतपासणीत, म्हणजे सरकारी बाजूच्या प्रश्नांना उत्तर देताना, त्यांनी गाडी मनाईच्या जागी उभी होती एवढे सांगितले आणि त्यांनी काढलेला फोटो दाखवला. त्यात माझी स्कूटर आणि नंबर प्लेट लख्ख होती. फलक नव्हता, पण वरच्या कोपऱ्यात ती सुतळी आली होती. न्यायाधीशांनी मला विचारले, "तुम्हाला काही विचारायचे आहे का?" मी विचारले, "हा फोटो काढला तेथून आपल्याला फलक दिसत होता का?" ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, "फ्लेक्स होता, मॅडम. पण आम्हाला फलक कुठे आहे ते माहीत असते." न्यायाधीशांनी हे वाक्य लिहून घेतले आणि त्यांना पुन्हा विचारले, "तुम्हाला माहीत असते. यांना कसे कळावे?" त्यावर उत्तर आले नाही. शपथेवर त्या गृहस्थांनी खरे सांगितले, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर आहे. ज्यांनी माझी तक्रार एका ओळीत अमान्य केली त्यांच्याविषयी तो नाही. निकाल छोटा होता: निर्दोष मुक्तता.

भाऊजींना मी निकालाची प्रमाणित प्रत वाचायला दिली. ते म्हणाले, "पण वेळ किती गेला, वहिनी!" वेळ गेला, हे खरे आहे. पेणच्या पट्टीच्या बाबतीत त्यांचा अजिबात वेळ गेला नव्हता, हेही खरे आहे.

आता वकिलाचे. अशा खटल्यात तो सक्तीचा नाही. मी स्वतःच उभी राहिले. आपल्याला धीर होत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. स्त्रियांना मोफत विधी साहाय्यासाठी उत्पन्नाची अट नाही आणि ही गोष्ट सुशिक्षित बायकांनाही माहीत नसते. खर्चाचे म्हणाल तर माझा गेला तो रंगीत प्रती, झेरॉक्स, टपाल आणि रिक्षा यांवर. वकील केल्यास त्याची फी दंडाच्या रकमेहून जास्त होईल, हे गृहीत धरावे.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. नोकरीत रजा मिळत नसेल, रोजंदारी बुडत असेल, तर माझा सल्ला आपल्यासाठी नाही; निवृत्तिवेतन घेणाऱ्या बाईला तारखांना जाणे परवडते. हेल्मेट नव्हते, सिग्नल तोडला, विमा संपला होता, अशा चलानांत "इतर सगळेही तसेच करतात" हा बचाव नव्हे, मुकाट्याने भरावे. चलान पोलिसाने हाताने केलेले नसून कॅमेऱ्याने केलेले असेल, जसे नवी मुंबईच्या पाम बीच मार्गावरच्या वेगाचे, तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १६७-अ पाहावा: त्यात पंधरा दिवसांत सूचना पाठवण्याचे आणि कॅमेरा असल्याचा इशारा देणारे फलक ठळकपणे लावण्याचे बंधन आहे. केवळ दंडाचीच शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांत घ्यावी, अशी मुदत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम ५१४ मध्ये आहे. विलंब माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, तेव्हा केवळ मुदत टळण्याची वाट पाहत बसू नये. न भरलेले चलान ऑनलाइन नोंदीत तसेच राहते आणि गाडी विकायला काढली की समोर येते.

आपण प्रश्नात चलानाची तारीख दिलेली नाही आणि संकेतस्थळावरच्या फोटोत फलक दिसतो की नाही तेही लिहिलेले नाही. एवढे कळवलेत तर पत्राचा मसुदा कसा करावा ते सांगेन.