आजी-आजोबांचे वेगवेगळे फोटो एकात जोडण्याआधी

चवथीला सगळे मूळ घरी जमतील तेव्हाच फोटो गोळा कर, आणि कोण कोण आहे ते थोरल्यांना विचारून लिहून घे. आपल्या गोव्याच्या दमट हवेत फोटोचा जिलेटिनचा थर फ्रेमच्या काचेला चिकटतो. तो ओढून काढू नकोस, चेहरा काचेवरच राहील. काचेसकट स्कॅन कर. ६०० डीपीआय (दर इंचाला ठिपके) पुरे, पासपोर्टएवढा असेल तर १२००.

कृष्णधवल फोटोही रंगीतच स्कॅन कर. रंगीत स्कॅन लाल, हिरवा आणि निळा अशा तीन चॅनेलचा, म्हणजे रंगांच्या तीन भागांचा असतो. पिवळे डाग निळ्या चॅनेलमध्ये गडद आणि लाल चॅनेलमध्ये पुसट दिसतात, त्यामुळे लाल चॅनेल घेतला की बरीच साफसफाई आपोआप होते. उरलेलं क्लोन स्टॅम्पने (शेजारचा चांगला भाग डागावर उमटवणारं साधन), पण वेगळ्या लेयरवर, म्हणजे मूळ फोटोवरच्या वेगळ्या थरावर. एआयने चेहरा स्वच्छ करायच्या मी विरोधात आहे. ते नसलेले डोळे कल्पनेने काढतं आणि आजी परकी दिसायला लागते.

दोघांना शेजारी बसवताना आधी नाकाची सावली बघ. उजेड वेगळ्या बाजूंनी असेल तर सरळ दुसरा फोटो शोध. उजेड जुळवायला एक फोटो फ्लिप केलास, म्हणजे आरशासारखा उलटवलास तर पदर चुकीच्या खांद्यावर जातो, आणि घरच्यांना ते लगेच कळतं. ग्रेन (जुन्या फोटोतला बारीक रवा) मात्र शेवटी, दोघांवर एकदमच घाल.