उभ्याची पाळी आणि योगवर्ग

प्रश्न : आमच्या पॅकिंग विभागात पूर्ण पाळी उभ्यानेच काढावी लागते आणि संध्याकाळी पाय सुजतात. व्यवस्थापनाने आरोग्यासाठी मासिक योगवर्ग सुरू केला आहे. त्याने फरक पडेल का?
– एक वाचक, चाकण

उत्तर : योगवर्ग चांगलाच, पण दुखण्याचे मूळ पाळीत आहे. एकाच जागी उभे राहिल्यास पोटऱ्यांचे स्नायू फारसे हलत नाहीत आणि त्यांच्या दाबाने वर चढणारे रक्त शिरांत साचते. म्हणून पट्ट्याजवळ उंच स्टूल, पायांखाली रबरी चटई आणि कामांची अदलाबदल मागा. ही मेहेरबानी नव्हे, कारण १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ४४ मध्येच उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय सांगितली होती. मागणी लेखी द्या. सूज एकाच पायावर असेल, तर मात्र स्टुलाची वाट न पाहता त्वरित डॉक्टरांना दाखवा.