एकाच माणसाचे दोन एच-इंडेक्स: रकान्यात कोणता लिहायचा?

सर, तुमचा प्रश्न आधी दोन ओळींत मांडते, म्हणजे नंतर येणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही नागपुरातल्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवता. पदोन्नतीच्या फाइलसोबत आयक्यूएसीने, म्हणजे महाविद्यालयाच्या गुणवत्ता कक्षाने, जो तक्ता दिलाय, त्यात ‘एच-इंडेक्स’ (पेपर किती आणि ते इतरांनी किती वापरले, यांचा मिळून एक आकडा) असा एकच रकाना आहे. पेपरांची नोंद ठेवणाऱ्या डेटाबेसांपैकी गूगल स्कॉलर ११ दाखवतं, स्कोपस ५. खरा कोणता? आणि शेजारच्या मराठी विभागातल्या मॅडमचा दोन्हीकडे शून्य येतो, तर त्यांनी काय लिहावं?

मी ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाले. शेवटची बारा-पंधरा वर्षं पुस्तकं देण्याघेण्यापेक्षा हेच काम जास्त केलं. उत्तर आधी सांगून टाकते: दोन्ही आकडे खरे आहेत, कारण दोन्ही तुमचे नाहीत. ते त्या त्या डेटाबेसचे आहेत. त्यांच्या गोदामात तुमचे जेवढे पेपर आहेत आणि त्या पेपरांना सायट करणारे, म्हणजे संदर्भ म्हणून त्यांचा उल्लेख करणारे, जेवढे दुसरे पेपर आहेत, तेवढ्यावरचा तो हिशेब. गोदाम बदललं की हिशेब बदलणारच.

हा हिशेब एकदा हाताने करून बघा, मनातली भीती जाते. समजा अकरा पेपर आहेत. सायटेशन उतरत्या क्रमाने लिहा: ४८, २१, १५, ९, ७, ६, ६, ३, २, १, ०. आता वरून मोजत या. सहाव्या पेपरला ६ सायटेशन आहेत, म्हणजे सहा पेपर असे की प्रत्येकाला किमान सहा. सातव्याला सात हवीत, आहेत ६. झालं, एच-इंडेक्स ६. कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी २००५ साली सुचवलेली युक्ती एवढीच आहे. गूगलचा आय-१० म्हणजे किमान दहा सायटेशन असलेले पेपर, इथे ३. आता गंमत बघा. पहिल्या पेपरची ४८ सायटेशन उद्या ४८०० झाली तरी एच ६ चा ६ राहतो. उलट, सहाव्या आणि सातव्या पेपरला आणखी एकेक मिळालं की लगेच ७. म्हणून २००६ मध्ये एग्गे यांनी जी-इंडेक्स काढला. त्यात वरच्या पेपरांचं वजन मोजलं जातं आणि याच यादीचा जी १० येतो. पण जी-इंडेक्स विचारणारी समिती मला अजून भेटलेली नाही, तेव्हा तो सोडा.

मग ११ आणि ५ एवढी तफावत कशी? स्कोपस आणि तसाच दुसरा डेटाबेस वेब ऑफ सायन्स निवडून घेतलेलंच साहित्य ठेवतात, मुख्यतः नियतकालिकं. गूगल स्कॉलर मात्र जाळ्यात येईल ते घेतं: कुठल्याही परिषदेची कार्यवृत्तं, पीएच.डी.चे प्रबंध, कुणीतरी वेबसाइटवर टाकलेली पीडीएफ. यातलं काही मोलाचं असतं, काही निव्वळ कचरा. २०१० साली सिरिल लाबे नावाच्या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने आइक अँटकेर नावाचा एक माणूसच कल्पनेतून उभा केला. संगणकाकडून शंभरेक अर्थहीन पेपर लिहून घेतले, ते एकमेकांना सायट करतील अशी व्यवस्था केली आणि गूगल स्कॉलरवर या नसलेल्या शास्त्रज्ञाचा एच-इंडेक्स ९४ करून दाखवला. हसू येतं खरं, पण आपल्या प्रोफाइलमध्येही असलं काही शिरलेलं असू शकतं, न करता.

एक प्रसंग सांगते. मे महिना, वाचनकक्षात कूलर घरघरत होता. कपाशीच्या किडींवर काम करणारे एक सर प्रिंटआउट घेऊन आले. गूगलवर एच १४, स्कोपसवर ७. ‘मॅडम, हे स्कोपसवालं एवढं कमी काहून दाखवते?’ आडनाव विदर्भात गल्लीगल्लीत सापडणारं, नावाचं नुसतं पहिलं अक्षर. पेन्सिल घेऊन यादी वरून वाचायला लागलो. तिसऱ्याच क्रमांकावर गुडघ्याच्या सांधेबदल शस्त्रक्रियेचा पेपर! खाली क्षयरोगावरचे दोन, मग पोलादाच्या गंजावरचा एक, आणि असेच आणखी काही. गूगलने प्रोफाइल बनवताना ‘हे पेपर तुमचेच ना?’ म्हणून विचारलं होतं आणि सरांनी सगळ्यांवर टिक केलं होतं. परके पेपर काढले, तर १४ चे ८ झाले. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, ‘अन् राहू दिलं तर?’ मी म्हटलं, राहू द्या, पण मुलाखतीत कुणी गुडघ्याबद्दल विचारलं तर काय सांगाल? तिथेच बसून त्यांनी ऑर्किडचा (ORCID, संशोधकाची ओळख पटवणारा) सोळा आकडी क्रमांक काढला. तुम्हीही आज तेच करा. ऑर्किड फुकट आहे, आणि नावसाधर्म्याच्या घोळावर त्याच्याएवढं सोपं औषध दुसरं नाही. स्कोपसमध्ये उलटा घोळ असतो, तोही तपासा: लग्नानंतर बदललेलं नाव, कधी वडिलांचं नाव घातलेलं कधी गाळलेलं, यामुळे एकाच माणसाच्या दोन-तीन प्रोफाइल बनतात आणि एच वाटला जातो. त्या जोडून देण्याची विनंती ऑनलाइन करता येते.

आता तुमच्या तक्त्याबद्दल. यूजीसीच्या २०१८च्या नियमांतला संशोधन गुणांचा जो तक्ता आहे, त्यात एच-इंडेक्सला गुणच नाहीत. विज्ञान शाखेत पेपरला ८, भाषा-सामाजिक शास्त्रांत १०, वर नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे वाढीव गुण. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला एकूण गुणांच्या ७० टक्के. दोनाहून जास्त असतील तर मुख्य लेखकाला ७० आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३०. सायटेशन यात कुठेही नाही. मग महाविद्यालयं एच का मागतात? उच्च शिक्षण संस्थांना दर्जा देणाऱ्या नॅकने विद्यापीठांकडून स्कोपस आणि वेब ऑफ सायन्सवरची सायटेशन आणि संस्थेचा एच-इंडेक्स मागितला होता. तो रकाना तिथून झिरपत खाली आला, असा माझा अंदाज. एनआयआरएफ, म्हणजे संस्थांची सरकारी क्रमवारी, हीसुद्धा याच दोन डेटाबेसवरून मोजते. त्यामुळे अधिकृत कागदावर स्कोपसचा आकडा पुढे ठेवणं शहाणपणाचं.

इम्पॅक्ट फॅक्टरबद्दल एकच सांगते, कारण गल्लत तिथेच होते: तो नियतकालिकाचा असतो, तुमचा नव्हे. आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा मिळालेली सायटेशन भागिले त्या लेखांची संख्या. युजीन गारफिल्ड यांच्या सायटेशन इंडेक्समधून ही कल्पना निघाली, आता क्लॅरिव्हेट कंपनी तो काढते. मोठ्या नियतकालिकातसुद्धा कुणीही न वाचलेले पेपर पुष्कळ असतात. आणि ज्यांच्या वेबसाइटवर भलत्याच कुणा संस्थेचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर ७.८’ रंगीत अक्षरांत झळकतो, त्यांच्यापासून चार हात लांब राहा. एकदा अशाच एका नियतकालिकाने पेपर स्वीकारण्याआधी ‘आमचे पाच लेख संदर्भांत घाला’ असं मलाच लिहिलं होतं. मी पेपर परत घेतला. तो पुढे दीड वर्ष कुठेच छापून आला नाही, हेही सांगायला हवं.

‘आमच्या संस्थेतले दोघं स्टॅनफर्डच्या अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांच्या यादीत आले, बॅनर लागलाय’ असंही तुम्ही लिहिलंय. अभिनंदन करा, पण तो पुरस्कार नाही. स्टॅनफर्डचे जॉन इओअनिडिस आणि सहकाऱ्यांनी स्कोपसच्या माहितीवरून केलेली ती क्रमवारी आहे. आयुष्यभराच्या कामाची यादी वेगळी, एका वर्षाची वेगळी. बॅनरवर कोणती ते सहसा लिहिलेलं नसतं. त्या यादीचा एक गुण मात्र मला आवडतो. तिथे स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन वगळून काय उरतं, तेही दाखवलेलं असतं. आपला आकडा तसा काढून बघा एकदा. छातीवर हात ठेवून.

विषयांची आपसात तुलना तर करूच नका. जगात सर्वांत जास्त सायट झालेला पेपर १९५१ सालचा आहे, लाउरी आणि सहकाऱ्यांचा. द्रावणात प्रथिन किती, हे मोजायची पद्धत त्यात आहे. सायटेशन ३ लाखांच्या वर! प्रयोगशाळेत पद्धत वापरली की सायट करायची, एवढंच. विचाराने जग हलवणारा पेपर असायलाच हवा असं नाही. उलट आपल्या अमरावती रोडवरच्या मृदा सर्वेक्षण संस्थेचे जमिनीचे नकाशे घ्या. नकाशा बघून पीक ठरवणारा माणूस पेपर लिहीत नाही, मग सायट कुठून करणार?

आता मराठीच्या मॅडम. सर, त्यांच्या शून्याला त्यांच्या कामाशी काही देणंघेणं नाही. स्कोपसमध्ये नियतकालिक जायचं तर संदर्भ रोमन लिपीत हवेत, ही त्यांची लेखी अट आहे. देवनागरीत संदर्भ देणारं मराठी नियतकालिक दारातूनच परत. शिवाय आपल्याकडे तळटीपेत ‘उपरोक्त’, ‘तत्रैव’ लिहायची रीत, ती यंत्राला कळत नाही. नागपूरचे इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी वाकाटक राजांच्या कोरीव लेखांचा खंड १९६३ साली सिद्ध केला. आजही वाकाटकांवर लिहिणारा तो उघडल्याशिवाय पुढे जाऊ शकत नाही. मिराशींचा एच-इंडेक्स काढायला बसलात तर काहीतरी किरकोळ आकडा येईल, आणि तो आकडा डेटाबेसबद्दल सांगेल, मिराशींबद्दल नाही.

तुमच्या रकान्यात असं लिहा: ‘स्कोपस ५, गूगल स्कॉलर ११, अमुक तारखेला पाहिले’, आणि दोन्हींचे प्रिंटआउट जोडा. तारीख विसरू नका, दोन महिन्यांनी छाननी होते तेव्हा आकडा हललेला असतो आणि उगाच संशय येतो. सोबत एक पान स्वतःचं जोडा: तुमचे तीन पेपर, ते कुणी, कशासाठी वापरले, एकेका ओळीत. ‘या वनस्पतीची आम्ही दिलेली नोंद तमुक प्रबंधाने आधार म्हणून घेतली’, असं. समितीतला एखादा तरी सदस्य ते पान वाचतो.

मॅडमसाठी हेच पान मुख्य कागद ठरेल. त्यांना शोधगंगा उघडायला सांगा. तिथे देशभरातले पीएच.डी. प्रबंध आहेत. मराठीतले पुष्कळसे स्कॅन केलेले आहेत, त्यामुळे नाव टाकून शोधलं तर हाती काही लागणार नाही. विषयाने प्रबंध शोधा आणि प्रकरणं वाचत न बसता थेट संदर्भसूचीची फाइल उघडा, ती बहुधा वेगळी ठेवलेली असते. सूची आडनावाने लावलेली असते, एका प्रबंधाला पाच मिनिटं पुरतात. पन्नास प्रबंध बघायचे तर दोन दुपारी धरा, आणि मॅडमचं लग्नाआधीचं आडनावही बघायला विसरू नका.