सोनोग्राफी नॉर्मल आहे, मग पुन्हा कशाला?

प्रश्न : माझं वय 32. दोन वर्षं आम्ही मुलासाठी प्रयत्न करतोय. मागे पोटावरून सोनोग्राफी झाली, तेव्हा ‘गर्भाशय नॉर्मल, मागे वळलेलं’ असा रिपोर्ट आला. आता नव्या डॉक्टरांनी पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आतून सोनोग्राफी करायला सांगितलीय. रक्तस्राव चालू असताना आतून तपासणी, या विचारानंच अंगावर काटा येतो. शिवाय पिशवी मागे वळलीय म्हणूनच दिवस राहत नाहीत, असं घरात बोललं जातं. काय करू?

उत्तर : आधी घरातल्या बोलण्याचं बघू, कारण ते तुम्हाला जास्त टोचत असणार. गर्भाशय मागे झुकलेलं असणं ही नैसर्गिक ठेवण आहे. कितीतरी बायकांचं तसं असतं आणि त्यांना मुलंही होतात. नुसत्या या ठेवणीमुळे दिवस राहत नाहीत, असं नाही. हे घरी ठामपणे सांगा, माझं उत्तर वाचून दाखवलंत तरी चालेल.

आता ‘नॉर्मल’ या शब्दाविषयी. रिपोर्ट हाती आला की मी पहिल्यांदा तपासणीची तारीख आणि त्या दिवशी पाळीचा कितवा दिवस होता ते बघते. गर्भाशयाचं अस्तर महिनाभर बदलत असतं. पाळी संपता संपता ते जेमतेम 2 ते 4 मिलिमीटर असतं. बीज फुटायच्या सुमारास जाड होतं आणि पडद्यावर त्याच्या तीन रेघा दिसतात. पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात ते एकसारखं पांढरं दिसतं आणि त्यात छोटा पॉलिप, म्हणजे अस्तरावरची मऊ गाठ, सहज लपून जातो. पोटावरून पाहताना चित्र आणखी अस्पष्ट येतं. मागे वळलेलं गर्भाशय तर प्रोबपासून, म्हणजे पोटावर फिरवतात त्या उपकरणापासून, अजूनच लांब असतं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना मुख्यतः बीजांडकोश बघायचे असतात. त्या वेळी 2 ते 10 मिलिमीटरच्या बारीक फॉलिकल, म्हणजे ज्यात बीज वाढतं त्या पिशव्या, मोजून बीजांच्या साठ्याचा अंदाज घेतात. यांतलाच एखादा फॉलिकल पुढे वाढून साधारण 18 ते 24 मिलिमीटरचा झाला की फुटतो, म्हणून त्या दिवसांत पुन्हा बोलावलं तर घाबरू नका.

रक्तस्रावाचा संकोच मला कळतो. पण हे आम्हा डॉक्टरांचं रोजचंच काम आहे. लघवी करून मोकळं व्हायचं. आतून तपासायचा प्रोब बोटाएवढा जाड असतो, त्यावर स्वच्छ आवरण आणि जेल असतं. तपासणी काही मिनिटांची. यात क्ष-किरण नसतात. दुखलं तर थांबायला सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पडदा तुमच्याकडे वळवायलाही सांगा. आपल्या शरीरात काय दिसतंय ते बाईला कळलंच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूची साधी गाठ, निघाला तर फक्त आकार विचारून थांबू नका, तो कुठे आहे ते विचारा. बाहेरच्या बाजूचा मोठासुद्धा बहुधा गर्भधारणेच्या आड येत नाही, पण पोकळीत डोकावणारा लहानसाही अडचण करू शकतो. पोकळीबद्दल शंका राहिली तर रक्तस्राव थांबल्यावर आणि बीज फुटायच्या आधी, बारीक नळीनं थोडं सलाइन आत सोडून पुन्हा बघतात. एरवी पोकळीच्या भिंती रिकाम्या पाकिटासारख्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. पाणी आत गेलं की त्या सुटतात आणि पॉलिप असेल तर स्पष्ट दिसतो. पोटात थोडी कळ येते, ती लवकर जाते. गर्भाशयाच्या पोकळीत जन्मजात आडपडदा असल्याची शंका असेल तर थ्रीडी सोनोग्राफी उपयोगी पडते.

साध्या सोनोग्राफीत निरोगी गर्भनलिका दिसत नाहीत. नळीत पाणी साठून ती फुगली असेल तरच दिसते. त्यामुळे रिपोर्ट स्वच्छ असला तरी नळ्या मोकळ्या आहेत असं समजू नका. त्यासाठी एचएसजी हा एक्स-रे, किंवा द्रव वा फेस सोडून केलेली सोनोग्राफी लागते. एंडोमेट्रिओसिसचंही, म्हणजे अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचंही, तसंच आहे. त्यात बीजांडकोशात होणारी जुन्या रक्ताची गाठ, म्हणजे चॉकलेट सिस्ट, दिसते, पण पोटाच्या आवरणावरचे बारीक डाग सहसा दिसत नाहीत. पाळीत असह्य दुखत असेल तर रिपोर्ट काहीही येवो, डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.

तुमच्या पत्रात पतीच्या तपासणीचा उल्लेखच नाही. दोन वर्षांत ती झाली नसेल तर याच आठवड्यात करून घ्या. 2 ते 7 दिवस संबंध न ठेवता वीर्याचा नमुना द्यायचा असतो. तो रिपोर्ट आल्याशिवाय सलाइनची किंवा नळ्यांची तपासणी करून घ्यायची घाई करू नका.