बॉनेटवरचे टवके आणि वर्कशॉपचा अंदाज

आपल्या आलिशान गाडीला तीन वर्षे झाली आहेत. खडी उडून बॉनेटच्या कडेवर आणि बंपरवर सहा-सात टवके गेले आहेत, आणि मागच्या चाकावरच्या कमानीत एका ठिकाणी पत्रा उघडा पडला आहे. बॉनेट आणि बंपर पूर्ण रंगवून खर्च विम्यातून घ्यावा, असे वर्कशॉप सुचवते. आपल्याला मात्र दोन वर्षांनी गाडी विकायची असल्याने घरी टच-अप केल्यास, म्हणजे फक्त टवक्यांपुरता रंग लावल्यास, किंमत पडेल का, अशी शंका आहे.

माझ्या मते टच-अप घरीच करावे, आणि त्याचे मुख्य कारण वाचणारे पैसे हे नाही. कारखान्यातून आलेल्या रंगाची एकूण जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) असते, तर पुन्हा रंगवलेल्या पॅनेलवर ती बहुधा 200 च्या पुढे जाते. महागडी गाडी घेणारा जाणकार हे जाडी मोजण्याचे यंत्र बॉनेटला लावून पाहतो आणि आकडा वाढलेला दिसला की पहिला प्रश्न अपघाताचा विचारतो. खडीचे चार ठिपके तो वापराच्या खुणा म्हणून सोडून देतो. नव्याने रंगवलेल्या बॉनेटचा खुलासा मात्र आपल्यालाच करावा लागतो. बंपर प्लॅस्टिकचा असल्याने गंजाचा प्रश्न नाही, पण त्यामागे रडार सेन्सर असल्यास रंगाचा जाड थर त्याच्या कामात अडथळा आणू शकतो.

विम्याबाबत एकच हिशेब करावा. बिलातून आपण स्वतः भरायची रक्कम वजा करावी आणि उरलेला आकडा, दावा केल्यामुळे पुढील नूतनीकरणांत बुडणाऱ्या सवलतीशी ताडून पाहावा. एवढ्या लहान कामात तो दावा फायद्याचा ठरल्याचे मी क्वचितच पाहिले आहे.

कमानीवरचा टवका मात्र थांबणार नाही. पोलादी पत्र्यावर ओल टिकली की गंज रंगाखालून पसरतो आणि आज थेंबभर प्रायमरने (रंगाखालच्या अस्तराने) भागणारे काम उद्या पत्राकामावर जाते. तो भाग धुऊन, मेण व तेलकटपणा काढून, गंज दिसल्यास तेवढाच घासून आधी प्रायमर, मग रंग आणि शेवटी क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, द्यावा. टच-अप रंगाच्या बाटलीच्या झाकणाला असलेला ब्रश अशा कामाला फार जाड असतो. टूथपिकच्या टोकाने टवक्याच्या आतच थेंब सोडावा आणि प्रत्येक पातळ थर सुकू द्यावा. रंगाचा कोड बहुधा दाराच्या खांबावरील पट्टीवर सापडतो, तरीही रंग आधी एखाद्या कार्डावर लावून गाडीशी जुळवून पाहावा. मेटॅलिक रंगातील कण ब्रशने लावल्यावर फवाऱ्यापेक्षा वेगळे बसतात, त्यामुळे छटा तंतोतंत जुळणार नाही. हातभर अंतरावरून नजरेत भरला नाही, तर तो पुरेसा जुळला असे मी समजेन.

रंग मॅट असेल तर माझा सल्ला बदलतो, कारण वर आलेला थेंब घासून पॉलिश केला की तिथे चकाकता डाग राहतो. अशा वेळी पत्रा झाकण्यापुरतेच काम करावे. तसेच गाडी भाडेपट्ट्यावर असल्यास ब्रशला हात लावण्यापूर्वी, परत देताना किती आकाराचे टवके चालतात हे करारात पाहून घ्यावे.